ऑब्जेक्टचं आयुष्य कोण सांभाळतं?

जावामध्ये लिहिलेला एखादा मोठा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडणाऱ्याला एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. शेकडो क्लास दिसतात, पण त्यांचे ऑब्जेक्ट तयार करणारा ‘न्यू’ हा शब्द त्या मानाने फारच कमी ठिकाणी आढळतो. पावत्या पाठवणारा एक क्लास आहे, समजा. त्याला मेल पाठवणारा ऑब्जेक्ट लागतो, मेलवाल्याला सर्व्हरचा पत्ता लागतो, आणि कोणाला पावती गेली याची नोंद ठेवायला डेटाबेस लागतो. प्रोग्रॅम सुरू झाला की हे सगळं जिथल्या तिथे जुळलेलं असतं. जुळवणी कोणी केली, ते मात्र त्या क्लासमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

जुळवणी करतो तो फ्रेमवर्कचा कंटेनर. आपल्याला काय हवं एवढंच क्लासने सांगायचं. ते शोधून, तयार करून हातात देण्याचं काम कंटेनरचं. या पद्धतीला ‘डिपेन्डन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ झालं ते मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधल्या एका लेखामुळे. त्याआधी तिला ‘इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल’ म्हणत, पण ते नाव फाउलर यांना फारच मोघम वाटलं.

ऑब्जेक्ट हातात कसा येतो याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. हातात आल्यानंतरच्या त्याच्या आयुष्याबद्दल त्या मानाने कमी. ऑब्जेक्ट आपण बनवलाच नसेल, तर त्याने कामाला नेमकं कधी लागायचं हे आपण कुठे लिहायचं? प्रोग्रॅम बंद होताना त्याने आवराआवर करायची असेल तर त्याला सांगणार कोण? आजच्या जावात याचं उत्तर ॲनोटेशन हे आहे. मेथडच्या डोक्यावर ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ लिहिलं की ती सुरुवातीला चालते, ‘@प्रीडिस्ट्रॉय’ लिहिलं की शेवटी चालते. शिकवताना इतकंच सांगून पुढे जातात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. ॲनोटेशन स्वतः काहीच चालवत नाही. ती क्लासवर लिहिलेली एक नोंद असते. ती नोंद कोण वाचतो आणि कोणत्या क्षणी वाचतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ऑब्जेक्टच्या आयुष्याशी संबंधित ज्या चुका शोधायला दिवस लागतात, त्यांतल्या बहुतेक या दोन प्रश्नांचा विसर पडल्यामुळे होतात.

या नोंदी येण्याआधी काय होतं ते पाहिलं म्हणजे त्यांची किंमत कळते. १९९८ साली एंटरप्राइज जावाबीन्स, म्हणजे ईजेबी, ही व्यवस्था आली. मोठ्या कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारे ऑब्जेक्ट कंटेनरने बनवायचे, झोपवायचे, उठवायचे आणि संपवायचे ही कल्पना तिच्यात होतीच. पण त्यासाठी क्लासला कंटेनरच्या अटी जशाच्या तशा पाळाव्या लागत. अशा ऑब्जेक्टला ‘बीन’ म्हणतात. सेशन बीन लिहायचा तर ‘सेशनबीन’ हा इंटरफेस घ्यायचा आणि ‘ईजेबी-ॲक्टिव्हेट’, ‘ईजेबी-पॅसिव्हेट’, ‘ईजेबी-रिमूव्ह’ आणि ‘सेट-सेशन-कॉन्टेक्स्ट’ या मेथड लिहायच्याच, मग त्यांच्यात एकही ओळ नसली तरी. रिकाम्या मेथडची ही रांग प्रत्येक क्लासमध्ये असे. त्याहून वाईट म्हणजे असा क्लास कंटेनरबाहेर काढून तपासून बघायची सोयच नसे. दोन आकड्यांची बेरीज तपासायची तरी अख्खा सर्व्हर उभा करावा लागे.

रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने, ज्याची पीएच.डी. संगीतशास्त्रातली आहे, २००२ साली या जडपणावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यासोबत सुमारे ३०,००० ओळींचा कोड दिला. पुस्तक वाचून भारावलेल्या युर्गेन हॉलर आणि यान कॅरॉफ यांनी तो कोड सगळ्यांसाठी खुला करण्याचा आग्रह धरला. ‘स्प्रिंग’ हे नाव कॅरॉफ यांनी सुचवलं: जुन्या व्यवस्थेच्या हिवाळ्यानंतरचा वसंत. मार्च २००४ मध्ये स्प्रिंगची १.० आवृत्ती आली.

सुरुवातीच्या स्प्रिंगमध्येही आयुष्याच्या दोन टोकांसाठी इंटरफेसच होते, ‘इनिशियलायझिंगबीन’ आणि ‘डिस्पोजेबलबीन’. ते ऐच्छिक होते, म्हणून ईजेबीपेक्षा कितीतरी हलके. तरी क्लासमध्ये स्प्रिंगचं नाव येतच असे. ते टाळायचं तर एक्सएमएल फाइलमध्ये ‘इनिट-मेथड’ आणि ‘डिस्ट्रॉय-मेथड’ असे उल्लेख करायचे. म्हणजे मेथड एका फाइलमध्ये आणि ती कधी चालणार हे दुसऱ्याच फाइलमध्ये. कोणी मेथडचं नाव बदललं आणि एक्सएमएल तसंच राहिलं की प्रोग्रॅम सुरू होताना कोसळे.

ॲनोटेशन ही सोय जावात सप्टेंबर २००४ मध्ये, पाचव्या आवृत्तीत आली. पुढे जेएसआर-२५० नावाच्या प्रमाणकाने २००६ मध्ये ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ आणि ‘@प्रीडिस्ट्रॉय’ ठरवून दिली, आणि स्प्रिंगने नोव्हेंबर २००७ मधल्या २.५ आवृत्तीत ती ओळखायला सुरुवात केली. या निर्णयातली महत्त्वाची गोष्ट सहज नजरेआड होते: ही ॲनोटेशन स्प्रिंगची नाहीत. ती एका सामाईक प्रमाणकाची आहेत, म्हणून तीच नोंद लिहिलेला क्लास दुसऱ्या एखाद्या कंटेनरमध्येही चालू शकतो. क्लासने आपल्याला काय हवं ते सांगितलं, कोणाकडून हवं ते सांगितलं नाही. ईजेबीच्या काळात जे हरवलं होतं ते इथे परत मिळालं.

आता जन्माकडे येऊ. ऑब्जेक्टचा जन्म ही एका झटक्यात होणारी घटना नाही, तिच्यात पायऱ्या आहेत. आधी कंटेनर कन्स्ट्रक्टर चालवतो. मग ज्या फील्डवर किंवा सेटरवर ‘@ऑटोवायर्ड’ लिहिलेलं असतं तिथे लागणारे ऑब्जेक्ट बसवतो. त्यानंतर ‘पोस्ट प्रोसेसर’ नावाचे कंटेनरचे मदतनीस एकेक करून त्या ऑब्जेक्टवरून नजर फिरवतात. ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ ही नोंद वाचणारा त्यांच्यातलाच एक आहे. ती मेथड झाल्यावर ‘इनिशियलायझिंगबीन’ची मेथड असल्यास ती चालते, मग वेगळी ठरवून दिलेली ‘इनिट’ मेथड. आणि त्याहीनंतर मदतनिसांची दुसरी फेरी होते. या दुसऱ्या फेरीकडे थोड्या वेळाने परत येऊ, कारण एक फसवा प्रश्न तिथे दडलेला आहे.

पायऱ्यांचा हा क्रम कळला की ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ची गरजच का पडली ते आपोआप उलगडतं. पावती पाठवणाऱ्या क्लासमध्ये मेलवाला फील्डवर इंजेक्ट केलेला असेल, तर कन्स्ट्रक्टर चालताना तो तिथे नसतोच. ते फील्ड ‘नल’ असतं. कन्स्ट्रक्टरमध्ये त्याला हाक मारली की ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ ठरलेला. म्हणून सगळं बसवून झाल्यावरची एक जागा हवी होती, आणि ती या ॲनोटेशनने दिली.

पण मग लागणारे ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमधूनच घेतले तर? तर ते कन्स्ट्रक्टरमध्ये हजर असतात, फील्ड ‘फायनल’ करता येतं, आणि अर्धवट भरलेला ऑब्जेक्ट कोणाच्या नजरेस पडण्याची शक्यताच उरत नाही. स्प्रिंगच्या २०१६ मधल्या ४.३ आवृत्तीपासून क्लासला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर त्यावर ‘@ऑटोवायर्ड’ लिहायचीही गरज राहिलेली नाही. माझ्या मते नवीन कोडमध्ये दुसरी कोणतीही पद्धत वापरायला सबळ कारण लागतं. मग ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’साठी काय उरतं? बाहेरच्या जगाला हात लावणारं काम. कन्स्ट्रक्टरने घ्यावं, तपासावं आणि ठेवावं. टेम्प्लेटची फाइल वाचणं, शब्दांची सूची मेमरीत भरणं, सेटिंग्ज एकमेकींशी जुळतात का ते पाहणं ही कामं पुढच्या मेथडमध्ये असावीत. अशी विभागणी असली की टेस्ट लिहिणारा माणूस ऑब्जेक्ट निर्धास्तपणे बनवू शकतो. नुसता ‘न्यू’ म्हटल्यावर कुठली तरी फाइल उघडली जाण्याची भीती त्याला नसते.

टेस्टचा विषय निघालाच आहे, तर तिथे नोंद आणि वाचक यांतला फरक सगळ्यात लख्ख दिसतो. टेस्टमध्ये तुम्ही स्वतः ‘न्यू’ करून ऑब्जेक्ट बनवला तर ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ची मेथड चालत नाही. चालवणार कोण? कंटेनर तिथे नाहीच. नोंद क्लासवर तशीच आहे, वाचणारा नाही. ती मेथड ‘प्रायव्हेट’ ठेवली तरी कंटेनरला चालते, पण मग टेस्टला तिला हाक मारता येत नाही. म्हणून तिला पॅकेजपुरती खुली ठेवणारे लोक शहाणे.

आता ती दुसरी फेरी. समजा आपल्या पावतीच्या क्लासने सुरू होताना डेटाबेसमधल्या अर्धवट राहिलेल्या पावत्यांची नोंद दुरुस्त करायची आहे. त्यात दोन टेबलं बदलायची आहेत, आणि दोन्ही बदलली जावीत नाहीतर एकही बदलू नये. प्रोग्रॅमर त्याच मेथडवर ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ लिहितो आणि खाली ‘@ट्रान्झॅक्शनल’ही लिहितो. सगळं बरोबर दिसतं. मेथड चालतेही. पण मध्येच काही बिघडलं तर पहिलं टेबल बदललेलं राहतं आणि दुसरं जुनंच, कारण ट्रान्झॅक्शन सुरूच झालेलं नसतं. ‘@ट्रान्झॅक्शनल’ ही नोंद वाचणारा मदतनीस मूळ ऑब्जेक्टभोवती एक प्रतिनिधी ऑब्जेक्ट उभा करतो, ज्याला प्रॉक्सी म्हणतात. बाहेरून येणारी हाक आधी प्रॉक्सीकडे जाते. तो ट्रान्झॅक्शन उघडतो, मग मूळ मेथडला हाक मारतो. ही प्रॉक्सी सर्वसाधारणपणे दुसऱ्या फेरीत उभी राहते. ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ची मेथड पहिल्या फेरीत, थेट मूळ ऑब्जेक्टवर चालून गेलेली असते. एकाच मेथडवर दोन नोंदी, त्यांचे वाचक वेगळे, आणि पहिला वाचक दुसरा येण्याआधीच आपलं काम उरकून निघून गेलेला.

अशा कामाला वेगळा क्षण निवडावा लागतो. संगीत नाटकाच्या प्रयोगाला रंगपटात एकेक नट तयार होतो, तशी ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ ही एकट्या नटाची तयारी: रंग लावून झाला, पोशाख झाला, आरशात एकदा पाहून घेतलं. बाकीचे नट तयार आहेत का, पेटीवाला आला का, हे त्याला त्या क्षणी माहीत नसतं आणि त्याने गृहीतही धरू नये. सगळी मंडळी तयार झाल्याची खूण म्हणजे तिसरी घंटा. स्प्रिंगमध्ये ती घंटा निरनिराळ्या रूपांत मिळते. सगळे सिंगलटन, म्हणजे कंटेनरमध्ये एकेकच असणारे ऑब्जेक्ट, तयार झाल्यावर हाक हवी असेल तर ‘स्मार्ट-इनिशियलायझिंग-सिंगलटन’ हा इंटरफेस आहे. ‘@इव्हेंटलिसनर’ लिहून कंटेनर सज्ज झाल्याची सूचना ऐकता येते. स्प्रिंगची उभारणी सोपी करणाऱ्या स्प्रिंग बूटमध्ये ‘ॲप्लिकेशन-रेडी’ ही त्यापुढची सूचना आहे. पावत्यांची दुरुस्ती तिथे करावी. तोवर प्रॉक्सी उभ्या राहिलेल्या असतात, डेटाबेस आलेला असतो, ट्रान्झॅक्शनही खरोखर उघडतं.

स्प्रिंगचं अधिकृत मार्गदर्शनही हेच सांगतं, आणि त्यामागे आणखी एक कारण देतं. सिंगलटन तयार होत असताना कंटेनर एक कुलूप धरून बसलेला असतो. ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’मध्ये तुम्ही नवा थ्रेड सुरू केला, त्या थ्रेडने कंटेनरकडे दुसरा बीन मागितला आणि मूळ थ्रेड त्याची वाट पाहत थांबला, तर दोघंही एकमेकांसाठी कायमचे अडकू शकतात. प्रोग्रॅम ना सुरू होतो ना चूक दाखवतो. या मेथडमध्ये छोटं, स्वतःपुरतं आणि लवकर संपणारं काम असावं ही शिस्त त्यासाठीच.

मेथडमध्ये एक्सेप्शन आला तर काय होतं, हेही माहीत हवं. कंटेनरची उभारणी तिथेच थांबते आणि प्रोग्रॅम सुरूच होत नाही. हे चांगलं आहे. चुकीच्या सेटिंगसह सुरू होऊन दुपारी चार वाजता पहिल्या ग्राहकासमोर कोसळण्यापेक्षा सकाळी सुरूच न होणं बरं. मात्र त्यात एक बारीक फट आहे. आधी तयार झालेल्या बाकीच्या ऑब्जेक्टची आवराआवर कंटेनर करतो, पण ज्या ऑब्जेक्टच्या ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’मध्ये एक्सेप्शन आला त्याची ‘@प्रीडिस्ट्रॉय’ मेथड तो चालवत नाही. कारण आवरायच्या यादीत ऑब्जेक्टचं नाव चढतं ते सुरुवातीची मेथड सुखरूप संपल्यावर. तेव्हा या मेथडने आधी फाइल उघडली आणि मग पुढच्या ओळीत ती कोसळली, तर फाइल बंद करण्याची जबाबदारी तिचीच. ‘ट्राय’ आणि ‘कॅच’ तिथेच लिहायचे.

जन्मापेक्षा मरणाकडे प्रोग्रॅमरचं दुर्लक्ष फार. जावात मेमरी आपोआप मोकळी होते, म्हणून सगळंच आपोआप मोकळं होतं असा समज पसरला आहे. गार्बेज कलेक्टर मेमरी परत मिळवतो. उघडी फाइल, चालू थ्रेड, डेटाबेसचं कनेक्शन, रांगेत राहिलेली न पाठवलेली पावती यांची त्याला ना खबर ना फिकीर. ‘फायनलाइझ’ नावाची एक मेथड जावात पहिल्यापासून होती, जी ऑब्जेक्ट गोळा होण्याआधी चालेल अशी आशा असे. ती कधी चालेल, चालेल की नाही, याची हमीच नव्हती. जावाच्या नवव्या आवृत्तीत ती वापरू नका असं जाहीर झालं आणि अठराव्यात ती काढून टाकण्याच्या यादीत गेली. आवराआवर अशी नशिबावर सोडता येत नाही. ती ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या क्रमाने व्हावी लागते.

इथे कंटेनर खरोखर मोलाचा ठरतो. कोण कोणावर अवलंबून आहे हे त्याला माहीत असतं, कारण जुळवणी त्यानेच केलेली असते. बंद करताना तो उलट्या दिशेने जातो: जो दुसऱ्यावर अवलंबून आहे तो आधी संपतो, ज्याच्यावर अवलंबून आहे तो नंतर. आपली पावतीसेवा पावत्या रांगेत साठवून शंभर-शंभरच्या गठ्ठ्याने पाठवते असं धरा. बंद होण्याची वेळ आली तेव्हा रांगेत सदतीस पावत्या आहेत. ‘@प्रीडिस्ट्रॉय’ची मेथड चालते आणि त्या सदतीस पाठवून टाकते. हे जमतं, कारण त्या क्षणी मेलवाला जिवंत असतो. क्रम उलटा असता तर बंद झालेल्या मेलवाल्याच्या हातात पावत्या दिल्यासारखं झालं असतं. हा क्रम हाताने सांभाळायचा म्हटलं तर पन्नास क्लासच्या प्रोग्रॅममध्येही डोकं गरगरतं.

मात्र कंटेनरला जे दिसतं तेच त्याला कळतं. पावतीसेवेने मेलवाला इंजेक्ट करून न घेता एखाद्या स्टॅटिक मेथडमधून परभारे मिळवला असेल, तर ते नातं कंटेनरच्या वहीत नसतं आणि बंद होण्याचा क्रम भरवशाचा राहत नाही. अशी आडवाट टाळताच येत नसेल तेव्हा ‘@डिपेन्ड्सऑन’ लिहून नातं जाहीर करावं. ते जन्माच्या आणि मरणाच्या, दोन्ही क्रमांना लागू होतं. ‘@प्रीडिस्ट्रॉय’मध्ये एक्सेप्शन आला तर कंटेनर लॉगमध्ये इशारा लिहितो आणि बाकीच्यांना आवरायला पुढे जातो. हे योग्यच आहे. पण याचा अर्थ असाही होतो की आवराआवर फसल्याची बातमी लॉग न वाचणाऱ्याला कधीच मिळत नाही.

आणि ही सगळी व्यवस्था केव्हा चालते? कंटेनरला बंद व्हायची संधी मिळाली तर. लिनक्सवर प्रोसेसला ‘सिगटर्म’ हा संकेत आला की जावाची यंत्रणा बंद होतानाचे ठरलेले सोपस्कार करते. स्प्रिंग बूटने आपलं नाव तिथे आधीच नोंदवलेलं असतं. बूट न वापरणाऱ्याने ‘रजिस्टर-शटडाउन-हुक’ ही मेथड स्वतः बोलवावी लागते, आणि ती विसरली जाते. ‘किल -९’ दिलं, म्हणजे ‘सिगकिल’ पाठवला, तर मात्र कोणाचंच काही चालत नाही. प्रोसेस जागच्या जागी संपते आणि सदतीस पावत्या गेल्या त्या गेल्याच. कुबरनेटीसवर प्रोग्रॅम चालवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक हवं: तिथे आधी ‘सिगटर्म’ येतो, नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० सेकंदांची मुदत मिळते, आणि मग ‘सिगकिल’. तुमची आवराआवर एक मिनिट घेत असेल तर ती निम्म्यावर तुटणार. स्प्रिंग बूटच्या मे २०२० मधल्या २.३ आवृत्तीत ‘ग्रेसफुल शटडाउन’ आलं, ज्यात हाती घेतलेल्या विनंत्या पूर्ण होईपर्यंत सर्व्हर थांबतो आणि नवीन घेत नाही. त्याची मुदतही मुळात ३० सेकंदांचीच, म्हणजे दोन्ही मुदती एकमेकींना भिडतात. कुबरनेटीसची मुदत थोडी मोठी ठेवणं श्रेयस्कर. पावती जाणं पैशाइतकंच महत्त्वाचं असेल तर रांग मेमरीत ठेवूच नये, डेटाबेसमध्ये ठेवावी. ‘@प्रीडिस्ट्रॉय’ ही सोय आहे, हमी नाही.

आतापर्यंत बोललो ते सिंगलटनबद्दल. स्प्रिंगमध्ये काही न सांगता बनवलेला प्रत्येक बीन सिंगलटन असतो: एका कंटेनरमध्ये त्या बीनचा एकच ऑब्जेक्ट, कंटेनर असेपर्यंत. त्याचं आयुष्य मोठं, म्हणून त्याच्या फील्डमध्ये कोणा एका ग्राहकाची माहिती ठेवणं धोक्याचं. टॉमकॅट हा सर्व्हर नेहमीच्या सेटिंगमध्ये २०० थ्रेडपर्यंत जातो, आणि ते सगळे तोच एक ऑब्जेक्ट वापरत असतात. एकाचं नाव फील्डमध्ये ठेवलं आणि त्याच क्षणी दुसऱ्याची विनंती आली, तर पहिल्याची पावती दुसऱ्याच्या नावाने निघते. विकासकाच्या एकट्या संगणकावर ही चूक कधीच दिसत नाही.

आयुष्य छोटं हवं असेल तर ‘@रिक्वेस्टस्कोप’ आहे, एका विनंतीपुरता ऑब्जेक्ट. ‘@सेशनस्कोप’ आहे, एका ग्राहकाच्या सेशनपुरता. या दोन्हींच्या शेवटी ‘@प्रीडिस्ट्रॉय’ चालतं. छोट्या आयुष्याचा ऑब्जेक्ट मोठ्या आयुष्याच्या ऑब्जेक्टमध्ये बसवताना तिथे पुन्हा प्रॉक्सी ठेवली जाते, जी दर वेळी चालू विनंतीचा खरा ऑब्जेक्ट शोधून देते.

अपवाद आहे ‘प्रोटोटाइप’चा. मागितला की नवा ऑब्जेक्ट असा हा प्रकार. कंटेनर तो बनवतो, जुळवतो, त्याची ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ मेथड चालवतो, तुमच्या हाती देतो आणि विसरतो. ‘@प्रीडिस्ट्रॉय’ लिहिलेलं असलं तरी ते कधीच चालत नाही, कारण हा ऑब्जेक्ट कुठे आहे हे कंटेनर लक्षातच ठेवत नाही. यावर तक्रार करणारे पुष्कळ भेटतात, पण मला हा निर्णय रास्त वाटतो. दिलेला प्रत्येक प्रोटोटाइप कंटेनरने धरून ठेवला असता तर गार्बेज कलेक्टरला त्यांतला एकही उचलता आला नसता आणि मेमरी भरत गेली असती. ज्याने मागून घेतला त्यानेच तो आवरायचा. प्रोटोटाइप सिंगलटनमध्ये नुसता इंजेक्ट केला तर आणखी एक गंमत होते: जुळवणी एकदाच होते, म्हणून तो ‘दर वेळी नवा’ ऑब्जेक्टही एकदाच बनतो आणि सिंगलटनसोबत म्हातारा होतो. दर वेळी नवा हवा असेल तर ‘ऑब्जेक्टप्रोव्हायडर’ इंजेक्ट करून घ्यावा आणि गरज पडेल तेव्हा त्याच्याकडे मागावा.

याच्या अगदी उलट चूकही होते, जिथे कंटेनर न सांगता आवरतो. ‘@बीन’ लिहिलेल्या मेथडमधून आलेल्या ऑब्जेक्टला ‘क्लोज’ किंवा ‘शटडाउन’ नावाची पब्लिक मेथड असेल, तर स्प्रिंग ती शेवटी स्वतःहून चालवतो. बहुतेक वेळा हेच हवं असतं. पण तो ऑब्जेक्ट सर्व्हरकडून उसना घेतलेला असेल, उदाहरणार्थ अनेक ॲप्लिकेशनमध्ये सामाईक असलेला डेटाबेसचा कनेक्शन पूल, तर एक ॲप्लिकेशन बंद होताना बाकीच्यांचाही पूल बंद करून जाऊ शकतं. अशा ठिकाणी ‘डिस्ट्रॉयमेथड’ रिकामी ठेवावी. उसनं आणलेलं मोडायचं नसतं, हे कंटेनरला सांगावं लागतं.

आणि वाचणारा सोडाच, नोंदीचा कागदच नाहीसा झाला तर? असं खरंच घडलं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या जावा ११ मधून ‘जावाएक्स’ पॅकेजमधली ही दोन्ही ॲनोटेशन काढून टाकली गेली. ती वेगळ्या जार फाइलमधून आणावी लागू लागली. नव्याने कंपाइल करणाऱ्याला चूक लगेच दिसली. पण जुन्या जावावर कंपाइल झालेला प्रोग्रॅम तसाच नव्या जावावर चालवणाऱ्याला काहीच दिसलं नाही. ॲनोटेशनचा क्लास सापडला नाही तर जावा तक्रार न करता ती नोंदच नाही असं धरून पुढे जाते. प्रोग्रॅम सुरू होई, ‘@पोस्टकन्स्ट्रक्ट’ची मेथड चालत नसे, आणि सूची रिकामी का आहे हे कोणाला कळत नसे. दरम्यान एंटरप्राइज जावा इक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, ‘जावाएक्स’ या नावाचे हक्क ओरॅकलकडेच राहिले, आणि डिसेंबर २०२० मधल्या जकार्ता ईई ९ ने सगळ्या पॅकेजांचं नाव ‘जकार्ता’ केलं. नोव्हेंबर २०२२ मधल्या स्प्रिंग ६ ने ते नाव स्वीकारलं, आणि अगणित फाइलींच्या वरच्या ओळी बदलल्या गेल्या. अशा बदलानंतर प्रोग्रॅम कंपाइल झाला म्हणून थांबू नये. सुरुवातीच्या आणि शेवटच्या मेथड चालल्या का, ते लॉगमध्ये पाहावं.

हे पाहायला फार वेळ लागत नाही. तुमच्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक ‘@प्रीडिस्ट्रॉय’ मेथडमध्ये लॉगची एक ओळ घाला. टेस्टच्या सर्व्हरवर प्रोग्रॅम सुरू करा, त्याच्यावर थोडं काम सोपवा आणि काम चालू असतानाच ‘सिगटर्म’ पाठवा. कोणत्या ओळी आल्या, कोणत्या क्रमाने आल्या आणि सगळ्यांना मिळून किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. मग हेच ‘किल -९’ देऊन करा आणि काय गमावलं ते मोजा. खऱ्या ग्राहकांच्या पावत्या रांगेत असताना हे कळण्याआधी ते टेस्टच्या सर्व्हरवर कळू द्या.